एम.टेक.च्या प्रकल्पाला क्वांटम आणि साधा संगणक जोडून मोठी रेषीय समीकरणं सोडवण्याचा विषय घेऊ का? सर म्हणतात, एचएचएल (अशी समीकरणं सोडवण्याची क्वांटम पद्धत) घे.

घ्या की. फक्त सिनॉप्सिसमध्ये ‘क्वांटममुळे प्रचंड वेग’ असं लिहू नका, व्हायव्हात पहिली गाठ तिथेच पडेल. मी इंदूरलाच एका कॉलेजात न्यूमेरिकल मेथड्स शिकवतो, म्हणून परीक्षकाच्या खुर्चीतून सांगतो.

चौकोनी पत्र्यावरचं तापमान काढायचंय असं धरा. हजार बाय हजार बिंदू घेतले की अज्ञातं दहा लाख, पण मॅट्रिक्सच्या एका ओळीत शून्य नसलेले आकडे फार तर पाच. (आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या कणत्वरकासारख्या यंत्राच्या चुंबकांचा आराखडा करतानाही अशीच विरळ, म्हणजे बहुतेक शून्यं असलेली मॅट्रिक्स समोर येते. पत्र्याऐवजी चुंबक घेतलात तर इंदुरात कौतुक जास्त होईल!) दहा लाख आकडे २० क्यूबिटांत (क्वांटम संगणकाच्या बिटांत) मावतात, कारण २ चा विसावा घात १०,४८,५७६. इथवर वाचून सगळेच हरखतात.

पण याच मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (प्रश्न सोडवायला किती अवघड त्याचं माप) सुमारे चार लाख आहे, आणि जाळी दुप्पट दाट केली की तो चौपट होतो. हॅरो, हसीदिम आणि लॉइड यांच्या २००९च्या मूळ एचएचएलमध्ये वेळ या नंबरच्या वर्गाने वाढतो. पुढच्या सुधारणांनी तो सरळ प्रमाणावर आणला, त्याहून खाली जायची आशा जवळपास नाही. उलट साध्या संगणकावरची १९५२ची कॉन्जुगेट ग्रेडियंट पद्धत (उत्तर फेरीफेरीने सुधारत नेणारी) त्याच्या वर्गमुळाइतक्या फेऱ्यांत भागवते. मल्टिग्रिडचं, म्हणजे दाट आणि विरळ जाळ्या आलटूनपालटून वापरणाऱ्या आणखी वेगवान पद्धतीचं, तर नावच काढू नका.

दुसरी अडचण उत्तर वाचण्याची. क्यूबिट मोजले की एका वेळी एकच बिंदू हाती येतो. पुन्हापुन्हा मोजून प्रत्येक घटकाच्या वर्गाचा अंदाज बांधायचा. त्यात चिन्ह हरवतं, उत्तराची एकूण लांबी (सगळे घटक मिळून ते किती मोठं) वेगळी काढावी लागते, आणि एक अंक जास्त अचूक हवा तर मोजमापं शंभरपट.

इथे साधा संगणक मदतीला येतो, आणि माझ्या मते तुमचा प्रकल्प इथेच आहे. क्वांटमकडून कच्चं उत्तर घ्या, एकच अंक बरोबर असला तरी चालेल. ते मॅट्रिक्सने गुणून उजव्या बाजूतून वजा करा, हे काम साध्या संगणकावर, डबल प्रिसिजनमध्ये (सुमारे सोळा अंकांच्या अचूकतेने). जो शेष उरेल तो नवी उजवी बाजू म्हणून पुन्हा क्वांटमला द्या. आलेली दुरुस्ती किती लांबीची मिळवायची तेही साध्या संगणकानेच ठरवायचं, शेष सर्वांत कमी होईल अशी. प्रत्येक फेरीत एक अंक पक्का झाला तर सहा फेऱ्यांत सहा अंक, आणि प्रत्येक फेरीचा खर्च साधारण तेवढाच. एका दमात सहा अंक मागितले असते तर मोजमापं एका अंकाच्या हजार कोटीपट लागली असती.

मात्र दहा लाख घटक प्रत्येक फेरीत वाचायचे म्हटले तर सगळा फायदा तिथेच जिरतो. म्हणून क्वांटमकडे मोठा प्रश्न सोपवू नका, त्यातला छोटा आणि अवघड तुकडा द्या. मल्टिग्रिडमधली सर्वांत विरळ जाळी त्याला बरी पडते.

व्हेरिएशनल पद्धतीच्या वाटेला एम.टेक.मध्ये जाऊ नका. चूक कमी व्हावी म्हणून क्वांटम सर्किटचे कोन साध्या संगणकाने जुळवत बसायचे, आणि क्यूबिट वाढले की चुकीचा उतार इतका सपाट होतो की कुठे सरकायचं तेच कळत नाही.

सिम्युलेटरवर (साध्या संगणकावरच्या क्वांटमच्या नकलेवर) १६ अज्ञातांपासून सुरू करा, मग ६४. फेरीगणिक शेषाचा आलेख काढा, एकदा प्रीकंडिशनर (कंडिशन नंबर कमी करणारा बदल) लावून, एकदा न लावता. शेजारी साध्या कॉन्जुगेट ग्रेडियंटचाही लावा. तो जिंकेल, पण लपवू नका.