बफेलोत प्लाऊ लावायचा तर तयारी ऑक्टोबरातच

तुम्ही विचारलंत की नाशिकहून अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला राहायला येतोय, घराला शंभर फुटांचा खडीचा ड्राइव्हवे आहे, जुना पिकअप घेऊन त्याला बर्फाचा प्लाऊ, म्हणजे पुढे बसवायचं बर्फ ढकलणारं पातं, लावला तर निभेल का. निभेल. मी बारा हिवाळे तेच करतोय.

आधी एक समजून घ्या. दक्षिणेला घर म्हणजे बर्फाच्या पट्ट्यातच घर. नोव्हेंबरात एरी सरोवराचं पाणी अजून उबदार असतं. थंड वारा त्याच्या लांबीवरून वाहत येतो, वाफ उचलतो आणि एका अरुंद पट्ट्यात सगळी ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेच्या ऑर्चर्ड पार्क उपनगरात सुमारे ८० इंच बर्फ पडला, बफेलोच्या विमानतळावर त्याच्या निम्माही नाही. एवढा बर्फ साचल्यावर कोणताही पिकअप तो ढकलू शकत नाही. म्हणून दर चार-सहा इंचांना बाहेर पडायचं, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

ट्रक घेताना इंजिनाच्या आधी ड्रायव्हरच्या दारातलं स्टिकर वाचा. पुढच्या अ‍ॅक्सलला किती वजन झेपतं ते तिथे लिहिलेलं असतं. प्लाऊचं वजन काही शे पाऊंड, आणि ते सगळं पुढे लटकतं. त्याचा तोल सांभाळायला मागच्या चाकांच्याही मागे वाळूच्या गोण्या पक्क्या बांधाव्या लागतात. किती, ते प्लाऊ बनवणाऱ्याच्या तक्त्यात मिळतं. फोर-व्हील ड्राइव्ह हवाच. पातं पूर्ण वर उचलून लांब जाऊ नका, रेडिएटरची हवा अडते आणि इंजिन तापतं.

तुमच्याकडे खडी आहे, तेव्हा पात्याखालचे शूज, म्हणजे घसरते लोखंडी पाय, असे लावा की पातं जमिनीपासून इंचभर वर राहील. नाहीतर जमीन गोठेपर्यंत तुम्ही बर्फाबरोबर खडीही हिरवळीवर लोटाल. हायड्रॉलिक तेल बदलणं, पिनांना ग्रीस, बोल्ट आवळणं हे सगळं ऑक्टोबरात करा. आपल्याकडे मृगाआधी कौलं परततात तसंच हे आहे. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना उंच खुणेच्या काठ्याही तेव्हाच रोवा. जमीन गोठली की काठी आत जात नाही, आणि बर्फाखाली कड कुठे आहे ते दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण पहिल्या वर्षी मी इथेच चुकलो. बर्फ थोडाच आहे म्हणून मी तो कडेलाच लोटत गेलो. ते ढीग दगडासारखे गोठले, दर वादळागणिक वाट आत आत सरकली आणि जानेवारीत ट्रकच आत शिरेना. शेवटी पैसे मोजून लोडर, म्हणजे ढीग उचलणारं यंत्र, बोलवावा लागला. पहिलाच बर्फ कडेच्या पलीकडे जमेल तितका लांब ढकला. तीच जागा फेब्रुवारीत लागणार आहे.

रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात, तर नगरपालिकेचा प्लाऊ तुमच्या बाजूने डावीकडून उजवीकडे जातो आणि तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी जड बर्फाचा बांध घालून जातो. म्हणून ड्राइव्हवेच्या डाव्या हाताला रस्त्यालगत थोडी जागा मोकळी करून ठेवा. बराचसा भार तिथेच पडतो. तुमचा ढीग उजवीकडे करा. रस्त्यावर बर्फ लोटणं न्यूयॉर्क राज्यात कायद्याने मना आहे, रस्ता ओलांडून समोरच्याच्या बाजूलाही लोटायचा नाही.

घराच्या भिंतीतून फर्नेसचे, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचे, पांढरे पाइप बाहेर आले असतील, तर तिकडे प्लाऊ नेऊच नका. फावड्याने हाताने मोकळे करा, दर वादळात, सगळ्यात आधी. ते बुजले तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरू शकतो, आणि त्याला वास नसतो. प्रत्येक मजल्यावर अलार्म लावा.

ट्रक बघायला जाल तेव्हा त्या स्टिकरचा फोटो मला पाठवा. कोणतं पातं झेपेल ते आपण मिळून ठरवू.