दुपारच्या वादळाचा अंदाज वाचताना

तीन दिवस ‘दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असं वाचलं आणि थेंबही पडला नाही. चौथ्या दिवशी अंदाज तोच, पण झाडं पडली. मग विसंबायचं कशावर, हा तुमचा प्रश्न.

गोम ‘तुरळक’ या शब्दात आहे. अंदाज अख्ख्या विभागाचा असतो. साधा गडगडाटी ढग मात्र 5-10 किलोमीटर रुंद आणि तासाभरात संपणारा. तो नेमका कोणाच्या डोक्यावर येणार हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून दिवस आखायला सकाळचा अंदाज बघा, पण दुपारी बाहेर पडायच्या आधी हवामान रडारचं चित्र (आत्ता पाऊस कुठे आहे ते दाखवणारं) उघडा.

निरभ्र सकाळ बघून तर लोक हमखास फसतात. खालच्या दमट हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला असेल, तर जमीन तापत राहते आणि ढग काही वर चढत नाहीत. तीन-चारच्या सुमारास ते झाकण फुटलं की साठलेलं सगळं एकदम उसळतं. उलट अकरालाच सरी येऊन गेल्या तर दुपारचा जोर बरेचदा ओसरतो. (बरेचदा, नेहमी नाही. यावर मी पैज हरलोय.)

आता झाडं का पडली? साध्या ढगाचा पाऊस त्याच्याच चढत्या हवेच्या प्रवाहावर कोसळतो आणि ढग विझतो. उंचीबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलत असेल तर पाऊस बाजूला पडतो, ढग तासन्‌तास टिकतो आणि मोठ्या गाराही पाडतो. त्यात मधल्या थरात कोरडी हवा असली की थेंब तिच्यात सुकतात, ती गार आणि जड होऊन खाली आदळते. जमिनीवर ताशी 100 किलोमीटरहून जोराचा झोत यायला एवढं पुरतं. तेव्हा अंदाजात ‘सोसाट्याचा वारा’ किंवा ‘गारपीट’ दिसलं, तर शक्यतेची टक्केवारी कमी असली तरी मी गाडी झाडाखाली लावत नाही.

विजेला पाऊस लागत नाही. ढगापासून 10 किलोमीटर लांब, कोरड्यातही ती पडते. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल तर पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. बाहेर असताना अंगावर एकदम गार वारा आला तर मात्र सेकंद मोजत बसू नका; ढगातून खाली आदळलेली हवा तुमच्यापर्यंत पोचली आहे, लगेच आत जा.