चाकात न अडकणारी गोधडी : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते व्हीलचेअरवरच असतात, डाव्या बाजूची ताकद गेलीये. पाय गार पडतात म्हणून मी मांडीवर रजई टाकते, पण ती सारखी घसरते, चाकात जाते आणि मग ते चिडतात. त्यांच्यासाठी मुद्दाम एक गोधडी शिवायची म्हणतेय. सिंगल बेडची साइज घेऊन थोडी कमी करू का?

उत्तर : नको ताई, बेडचं माप विसरूनच जा. आणि बाबा चिडतात ते साहजिक आहे हो, एक हात चालत नसताना मांडीवरून घसरलेलं पांघरूण ओढून घेणं किती जिकिरीचं असतं!

टेप घेऊन बाबांजवळ जा. ते नेहमी जसे बसतात तसे बसलेले असताना पोटापासून मांडीवरून, गुडघ्यावरून खाली घोट्यापर्यंत टेप सोडा, मोठ्या माणसाचं हे माप बहुतेक ४० इंचांच्या आसपास येतं, तीच तुमची लांबी. खालची कड फूटप्लेटच्या (खुर्चीला पाय ठेवायची पट्टी असते तिच्या) तीनचार इंच वर संपली पाहिजे, नाहीतर पुढच्या छोट्या चाकांत जाते नाहीतर पाय उचलताना पायात येते. रुंदी सीटवरून ठरवा. सीट १८ इंचांची असेल तर ३० ते ३२ इंच पुरे, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सात इंच उरतं आणि ते मांडी आणि आर्मरेस्टच्या मधे खोचता येतं. पण खोचायच्या त्या पट्टीत भरण घालू नका, नुसतं वरचं कापड आणि अस्तर एवढंच ठेवा, मग जाड होत नाही आणि बाजूने टोचतही नाही. मांडीखाली मात्र कधीच खोचायचं नाही.

अस्तराला सुती फ्लॅनेल घ्या, ते पँटला धरून राहतं. सॅटिन नाहीतर चकचकीत सिंथेटिक लावलंत तर पुन्हा घसरायला लागेल. चारही कोपरे गोल करा, ताटली ठेवून पेन्सिलने आखलं की झालं. गोंडे, झालर, लोंबणाऱ्या नाड्या काही नको, कितीही छान दिसत असलं तरी नको, कारण चाकात पहिलं तेच जातं.

खिसा हवाच. तो उजवीकडे लावा, कारण तोच हात चालतो, गुडघ्यापेक्षा जरा वर आणि तोंड तिरकं, म्हणजे हात सरळ आत जाईल, चष्मा नि मोबाईल राहील. उजव्या वरच्या कोपऱ्याला कापडाचा एक पट्टा आतल्या बाजूने सपाट शिवा, दोन्ही टोकं पक्की आणि चार बोटं आत जातील एवढी फट. त्यात बोटं घालून ते स्वतः गोधडी ओढू शकतील नि बाजूलाही करू शकतील. काहीजण खुर्चीच्या मागे नाडीने बांधतात, तसं करू नका. स्वतःला काढता येणार नाही असं काहीही माणसाच्या अंगावर बांधायचं नाही.

अजून एक गोष्ट खूप महत्त्वाची आहे. झटक्यानंतर काही जणांचं त्या बाजूच्या हाताकडे लक्षच राहत नाही, हात गोधडीखाली गेला आणि घसरत चाकापाशी लोंबला तरी त्यांना कळत नाही. म्हणून डावा हात कायम गोधडीच्या वर, दिसेल असा ठेवा, आणि खुर्ची ढकलायच्या आधी दोन्ही बाजूंना एकदा बघून घ्यायची सवय घरातल्या सगळ्यांनाच लावा.

प्रश्न : आई बरेच महिने अंथरुणाला खिळून आहे. एअर मॅट्रेस आणलीये पण ती प्लास्टिकची, घाम येतो. त्यावर मऊ घडीची गोधडी अंथरली तर तिला बरं वाटेल ना?

उत्तर : तुमची माया कळते, पण कृपा करून अंथरू नका. एअर मॅट्रेसचे कप्पे आळीपाळीने फुगतात नि बसतात त्यामुळे एकाच जागी भार राहत नाही, मधे जाड थर आला की तो फायदा कमी होतो. शिवाय गोधडीत शिवणी असतात, जोड असतात, गाठी असतात. आपल्याला टोचलं की आपण झोपेतही कूस बदलतो, त्यांना ते जमत नाही, मग माकडहाड, टाचा, खुबा अशा हाडाच्या जागी कातडीला रक्त कमी पोचतं आणि बेडसोअर म्हणजे दाबाने जखमा होतात. खाली एकच पातळ सुती चादर ठेवा, सुरकुती न पडू देता आणि फार ताणूनही न घालता. घामाचं नर्सला नाहीतर फिजिओला विचारा, हवा खेळणारी कव्हरं मिळतात.

गोधडी फक्त वरून, आणि हलकी. जड पांघरूण पायाकडे घट्ट खोचलं की पावलं सतत खाली दाबली जातात आणि हळूहळू तशीच आखडायला लागतात, म्हणून लांबी आठ-दहा इंच जास्त ठेवा आणि पायाकडे सैल सोडा. पायांना संवेदना कमी असेल तर गोधडीखाली गरम पाण्याची पिशवी चुकूनही ठेवायची नाही, भाजलं तरी कळत नाही.

प्रश्न : आम्हा पाचसहा मैत्रिणींकडे कापडाचे भरपूर तुकडे साठलेत. हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी गोधड्या शिवून द्यायच्या आहेत. कुठलं कापड चालेल?

उत्तर : आधी शिवायला बसू नका, आधी त्या वॉर्डच्या सिस्टरांना भेटा. काही वॉर्डांत, विशेषतः आयसीयूत किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती खूप कमी झालीये अशा पेशंटकडे, बाहेरचं कापड चालतच नाही, काही ठिकाणी गोधडी पेशंटने घरी नेली तरच घेतात. आणि धुणार कोण, लाँड्री की घरचे, हे विचाराच, कारण त्यावरच सगळं ठरतं. हॉस्पिटलची धुलाई घरच्यासारखी नसते, अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सूचनांमधे गरम पाण्याची धुलाई म्हणजे किमान ७१ अंश सेल्सिअसला २५ मिनिटं. तेवढ्या पाण्यात लोकर आटते, कच्चा रंग सुटतो आणि पिंजलेला कापूस भरला असेल तर त्याचे गोळे होऊन एका कोपऱ्यात जमा होतात. म्हणून वरून नि खालून सुती कापड, मधे पॉलिस्टर फायबरची पातळ शीट, आणि टाके तीनचार इंचांवर सगळीकडे. नवीन कापड आधीच गरम पाण्यात धुऊन घ्या, सुती आटतंच. लाल, मरून, गडद निळा असेल तर ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, डाग उमटला तर तो तुकडा बाजूला.

बटणं, टिकल्या, आरसे, मणी नकोत, सलाईनच्या नाहीतर लघवीच्या पिशवीच्या नळीत काय अडकेल सांगता येत नाही. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. शिवून झाल्यावर गोधडी टेबलावर पसरून दोन्ही बाजूंनी तळहात सावकाश फिरवा, सुईचं टोक किंवा जाड गाठ डोळ्याला दिसत नाही, हाताला लागते. शेवटची धुलाई बिनवासाच्या साबणात करा, अत्तर, डांबरगोळ्या काही नको, आजारी माणसाला साध्या वासानेही मळमळतं.

आणि आतल्या कोपऱ्यात पातळ कापडी लेबल शिवा, त्यावर कापड कुठलं आणि किती गरम पाण्यात धुवायचं ते पक्क्या शाईने लिहा, खाली पेशंटच्या नावासाठी जागा सोडा. नाव नसलं की लाँड्रीतून आलेली गोधडी दुसऱ्याच बेडवर जाते.