गणिताची प्रश्नपेटी: आधी पट्टी काढा, मग आकडेमोड

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. हातच्याची बेरीज, भागाकार सगळं बिनचूक करतो, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की लगेच विचारतो, "यात बेरीज करू की वजाबाकी?" पट्ट्या काढून अशी उदाहरणं सोडवतात म्हणे. ते नेमकं कसं करायचं?

'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, अशा खुणा मुलांना कुणीतरी शिकवलेल्या असतात. त्या लहान इयत्तांत निभावतात आणि पुढे दगा देतात. हे उदाहरण बघा : मीराकडे १५ मणी आहेत. ते अमितपेक्षा ६ ने जास्त आहेत, तर अमितकडे किती? 'जास्त' वाचून बरीच मुलं २१ लिहून मोकळी होतात; खरं उत्तर ९.

पट्टी म्हणजे संख्येसाठी काढलेला आडवा लांबट चौकोन. ही पट्टीची पद्धत १९८०च्या दशकात सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत रुजली आणि तिथून जगभर गेली. तिचं मुख्य काम उत्तर काढणं नाही. 'बेरीज की वजाबाकी' हा प्रश्न ती थोडा वेळ बाजूला ठेवायला लावते. म्हणून पट्टी पूर्ण होईपर्यंत पेन्सिलीने एकही क्रिया करायची नाही, हा नियम कडक पाळा.

आता जरा अवघड उदाहरण घेऊ. रिया आणि समीर यांच्याकडे मिळून ५६ मणी आहेत. रियाकडे समीरपेक्षा ८ जास्त आहेत. प्रत्येकाकडे किती?

आधी उदाहरण पूर्ण वाचायचं आणि ते कुणाबद्दल, कशाबद्दल आहे ते डावीकडे एकाखाली एक लिहायचं. मग पुन्हा वाचायचं, पण एकेका वाक्यावर थांबत, आणि त्या वाक्यात जेवढं सांगितलंय तेवढंच चित्रात घालायचं.

समीर [ एक भाग ]
रिया [ एक भाग ][ ८ ]

दोन्ही पट्ट्यांना मिळून उजवीकडे एक महिरपी कंस काढून त्यापुढे ५६ लिहा. जे शोधायचंय तिथे प्रश्नचिन्ह. आता मुलाला एवढंच विचारा, "ते ८ झाकले तर काय उरतं?" दोन सारखे भाग उरतात आणि ते मिळून ५६ − ८ = ४८. म्हणजे एक भाग २४. समीरकडे २४, रियाकडे ३२.

पट्टी न काढणारी मुलं इथे हमखास ५६ चे निम्मे करतात आणि एकाला २८, दुसऱ्याला ३६ देतात. फरक ८ चा बरोबर येतो, पण बेरीज होते ६४. म्हणून ताळा दोन्ही अटींचा करायचा. एक अट जुळली की मुलं वही मिटतात.

प्रश्न : मुलगी पट्टी काढते, पण २४ म्हटलं की २४ चौकोन काढत बसते. शिवाय पट्ट्या वेड्यावाकड्या येतात. मापाने काढायला लावू का?

माप नको. फूटपट्टी हातात आली की सगळं लक्ष सेंटिमीटरकडे जातं. जास्त असलेली पट्टी लांब दिसावी आणि सारखे भाग साधारण सारखे दिसावेत, एवढं पुरे. मात्र एक गोष्ट सोडू नका : तुलनेच्या पट्ट्या डावीकडे एकाच रेषेवर सुरू व्हायला हव्यात. नाहीतर फरक कुठे आहे ते दिसतच नाही.

२४ चौकोन काढणं ही चूक नाही, ती मधली पायरी आहे. वस्तू, मग चित्र, मग आकडे हा क्रम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या विचाराशी जुळतो. १० च्या आतली उदाहरणं आधी ठोकळे मांडून सोडवून घ्या. मग तेवढेच चौकोन काढू द्या. पुढे त्या चौकोनांभोवती एकच चौकट काढून आत फक्त संख्या लिहायला सांगा. चौकट आणि आतले चौकोन यांचा संबंध डोळ्यांसमोर जुळला की ती आपणहून मोजणं सोडते.

प्रश्न : अपूर्णांकात 'उरलेल्याच्या' आलं की सगळं फसतं.

फसतं, कारण मूल दुसरा अपूर्णांकही पूर्ण पट्टीचाच घेतं. उदाहरण : पुस्तकाचा दोन पंचमांश भाग सोमवारी वाचला, उरलेल्याचा एक तृतीयांश मंगळवारी, ८० पानं राहिली. पुस्तक किती पानांचं?

[ सोम ][ सोम ][ मंगळ ][ राहिले ][ राहिले ]

पाच भागांतले दोन संपले, तीन उरले. त्या तिनांचा एक तृतीयांश म्हणजे एक भाग. राहिलेले दोन भाग ८० पानांचे, एक भाग ४० चा, पुस्तक २०० पानांचं. सोमवारचे भाग रंगवून टाकायला लावा, म्हणजे 'उरलेलं' वेगळं दिसतं.

दर वेळी आकडे असे सोयीचे नसतात. आधी एक चतुर्थांश गेला आणि उरलेल्याचे दोन पंचमांश गेले, तर उरलेल्या तीन भागांचे पाच वाटे करायचे कसे? प्रत्येक भागाचे पाच तुकडे करा, संपलेल्या भागाचेसुद्धा. एकूण २० तुकडे; त्यांतले ५ आधी गेले, १५ उरले, त्यांतले ६ गेले, ९ राहिले. संपलेल्या भागाचे तुकडे करायचे राहून गेले की शेवटचा गुणाकार (एक तुकडा × २०) चुकतो, आणि ही चूक फार जणांची होते.

प्रश्न : वयाच्या उदाहरणांना पट्टी चालते का?

छान चालते. वडील ३६, मुलगा ८. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट कधी होईल? वयातला फरक कायम २८ राहतो, हे आधी बोलून घ्या. मग आजची नव्हे, तर 'तेव्हाची' पट्टी काढा : मुलाचा एक भाग, वडिलांचे तीन. जादाचे दोन भाग म्हणजे २८, एक भाग १४. मुलगा १४ चा, वडील ४२ चे, म्हणजे ६ वर्षांनी. आज आणि तेव्हा एकाच पट्टीत कोंबले तर गोंधळ होतो.

प्रश्न : पुढे बीजगणितात ही सवय आड येईल का?

नाही. 'एक भाग' जिथे लिहितो तिथेच पुढे क्ष येतो : क्ष + क्ष + ८ = ५६. ऋण संख्या किंवा क्षचा वर्ग आला की पट्टी ताणत बसू नका, तिथे समीकरणच सोपं. आणि मूल तोंडी बरोबर सांगत असेल, तर पट्टीची सक्ती नको. अडलं की काढेल.