प्रतिपिंडं वाढली म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली का?

प्रश्न असा आहे : 'गंभीर कोरोना रुग्णांमध्ये सौम्य रुग्णांपेक्षा अधिक प्रतिकारशक्ती आढळली' असं वाक्य एका अनुवादात आलं आहे. शक्ती अधिक असेल तर माणूस गंभीर कशानं झाला? आणि अँटिबॉडीला प्रतिपिंड म्हणावं, प्रतिद्रव्य की प्रतिजैविक?

शंका रास्त आहे. घोळ 'प्रतिकारशक्ती' या शब्दानं घातलाय. तिथे 'प्रतिपिंडं' हवं. प्रतिपिंड हा रक्तात मोजता येणारा पदार्थ आहे, तर प्रतिकारशक्ती हे पेशी, इंटरफेरॉन (विषाणू शिरल्यावर पेशी सोडतात ती प्रथिनं), प्रतिपिंडं अशा सगळ्यांचं मिळून चाललेलं काम. एक मोजून दुसरं सांगता येत नाही.

गंभीर रुग्णांत प्रतिपिंडं बहुधा जास्तच सापडतात. त्यांच्या शरीरात विषाणू जास्त काळ आणि जास्त प्रमाणात असतो, त्यामुळे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना चालनाही तेवढीच मिळत राहते. म्हणजे वाढलेली पातळी हा बऱ्याचदा आजाराच्या तीव्रतेचा परिणाम असतो. वेळेचाही प्रश्न आहे. लक्षणं दिसल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी ही प्रतिपिंडं चाचणीत दिसू लागतात, आणि तोवर फुप्फुसांची हानी होऊन गेलेली असू शकते.

शिवाय सगळी प्रतिपिंडं एका कामाची नसतात. काही विषाणूला नुसती चिकटतात, काही त्याला पेशीत शिरू देत नाहीत. या दुसऱ्या प्रकाराला 'विषाणूरोधी प्रतिपिंडं' म्हणावं. काही तर आपल्याच माणसांवर उलटतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिवावर बेतलेला न्यूमोनिया झालेल्या ९८७ कोरोना रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली, आणि त्यांतले ९५ पुरुष होते. इंटरफेरॉन हा विषाणूविरुद्धचा पहिला पहारेकरी. त्याला अडवणाऱ्या या 'स्वप्रतिपिंडां'ना प्रतिकारशक्ती म्हणणं म्हणजे घरभेद्याला रखवालदार म्हणण्यासारखं!

आता शब्द. १८९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी जर्मनमध्ये 'अँटिकोर्पर' (म्हणजेच अँटिबॉडी) हा शब्द वापरला. 'कोर्पर' म्हणजे शरीर, पण पदार्थ किंवा वस्तू असाही त्याचा अर्थ होतो. 'पिंडी ते ब्रह्मांडी'तला पिंड म्हणजे देह आणि भाताचा पिंड म्हणजे गोळा, तेव्हा 'प्रतिपिंड' शब्दशः अगदी चपखल बसतो. अर्थानं मात्र 'प्रतिद्रव्य' जास्त उजवा आहे, कारण हे प्रथिन आहे, देह नव्हे. तरी रुळलेला म्हणून मी 'प्रतिपिंड'च वापरेन. लिंगाचा घोळ आहेच : पिंड पुल्लिंगी, पण प्रतिपिंड बहुतेक जण नपुंसकलिंगी योजतात. 'प्रतिपिंडं तयार झाली' कानाला खटकत नाही आणि अनेकवचन लगेच कळतं.

'प्रतिजैविक' मात्र अजिबात नको. ते अँटिबायोटिक, जिवाणूंवरचं औषध. 'प्रतिजन' म्हणजे अँटिजेन, हाही वेगळाच. प्रतिजन चाचणीत विषाणूचा अंश सापडतो, प्रतिपिंड चाचणीत शरीरानं त्याला दिलेलं उत्तर. त्यातही कशाविरुद्धची प्रतिपिंडं मोजली ते लिहायलाच हवं. कोविशील्ड लशीनं फक्त स्पाइक प्रथिनाविरुद्धची (विषाणूच्या बाहेरच्या काट्यांविरुद्धची) बनतात, कोवॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असल्यानं न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धचीही बनू शकतात. त्यामुळे कोवॅक्सिन घेतलेल्याच्या अहवालात न्यूक्लिओकॅप्सिडची प्रतिपिंडं दिसली, तर एवढ्यावरून 'याला कोरोना होऊन गेला' असं लिहू नये.

तुमचं वाक्य असं करा : 'गंभीर रुग्णांच्या रक्तात सौम्य रुग्णांपेक्षा विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी अधिक आढळली.' मूळ मजकुरात 'इम्यून रिस्पॉन्स' असेल, तर 'प्रतिकारशक्ती'ऐवजी 'प्रतिकारक प्रतिसाद' लिहा. प्रतिसाद मोठा असूनही उशिरा किंवा चुकीच्या दिशेनं येऊ शकतो. 'शक्ती' म्हटलं की ती शक्यता वाचकाच्या मनात येतच नाही.