उन्हाळी विज्ञान इंटर्नशिप : आठ आठवडे कसे आखावेत?

प्रश्न : इंदूरच्या आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दहा विद्यार्थ्यांसाठी मे-जूनमध्ये इंटर्नशिप ठेवतोय. प्रयोगासोबत नोकरीची तयारी कशी बसवावी?

उत्तर : एका मार्गदर्शकाकडे दोनच विद्यार्थी द्या. असे उपक्रम बहुधा फसतात ते विषय फार मोठा घेतल्याने. चौथ्या आठवड्यात पहिले आकडे हाती यावेत असाच प्रश्न निवडा आणि रसायने एप्रिलमध्येच आणून ठेवा. उदाहरणार्थ, कान्ह नदीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन : विंकलर पद्धत (रसायने घालून अनुमापनाने ऑक्सिजन मोजण्याची), तीन ठिकाणे, प्रत्येकी तीन नमुने. दिवसभरात ऑक्सिजन बदलत राहतो, म्हणून वेळ रोज एकच ठेवा. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड, ही ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायने, नमुना घेताच काठावरच घाला. बाटलीत बुडबुडा राहिला की आकडा फुगतो. सांडपाण्यातल्या नायट्राइटमुळेही तो फुगतो, त्यासाठी अझाइडयुक्त अल्कली-आयोडाइड द्रावण लागते. अझाइड विषारी आहे, ते विद्यार्थ्यांकडून बनवून घेऊ नका.

दर शुक्रवारी दीड तास तयारीला द्या : आधी नोंदवही, मग एक पानी बायोडेटा, प्राध्यापकांना ई-मेल कसा लिहावा, मुलाखतीचा सराव. पोस्टर सहाव्या आठवड्यातच सुरू करा. शेवटच्या दोन दिवसांत केलेल्या पोस्टरवर आलेखाचे अक्ष नावाशिवाय राहतात. आणि विद्यावेतन, निदान बसभाडे तरी, द्याच. नाहीतर गरजू मुले अर्जच करत नाहीत.