वाचकांचे प्रश्न : दहावीचे गणित आणि कागदावरचा सराव

या वेळी राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताबद्दल आलेले प्रश्न घेतले आहेत. गणित भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) अशा दोन लेखी प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येकीला ४० गुण आणि २ तास. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. उत्तरांमध्ये चलांसाठी क्ष आणि य वापरले आहेत. वहीत मात्र पाठ्यपुस्तकातलीच अक्षरे लिहावीत.

प्रश्न : मुलगी रोज दोन तास गणित करते. घरी विचारले की सगळे येते. तरी पूर्वपरीक्षेत ८० पैकी ४६ मिळाले. सराव आणखी वाढवायचा का? (एक पालक, सातारा)

वेळ वाढवण्याआधी सराव कसा चालतो ते पाहा. शेजारी गाईड किंवा क्लासची वही उघडी असेल आणि अडले की नजर तिकडे जात असेल, तर दोन तासांतला बराचसा वेळ उतरवून काढण्यातच जातो. लेखी परीक्षेत तीन कामे मुलांना स्वतः करावी लागतात : उदाहरण कोणत्या पद्धतीने सुटेल ते ओळखणे, पहिली ओळ लिहिणे, आणि चुकले असेल तर ती चूक शोधणे. सोडवलेले उदाहरण वाचताना ही तिन्ही कामे दुसऱ्याने केलेली असतात. म्हणून ‘येते’ असे मुलांना अगदी मनापासून वाटते. सरावसंचातही पहिले काम उरत नाही, कारण क्रेमरच्या पद्धतीखाली (दोन समीकरणे निश्चयकांनी सोडवण्याची रीत) दिलेली उदाहरणे क्रेमरनेच सुटणार हे आधीच ठाऊक असते.

प्रकरण नवे असताना सरावसंच सलग सोडवायला हरकत नाही. ते संपले की आठवड्यातून निदान तीन दिवस मिश्र संच हवा. वेगवेगळ्या प्रकरणांतली दोन-तीन गुणांची सहा उदाहरणे तुम्ही कोऱ्या कागदावर उतरवून द्या, प्रकरणाचे नाव न लिहिता. पुस्तक बंद, ४५ मिनिटे. अडले तर लगेच उत्तर दाखवू नका. दिलेले काय, विचारलेले काय, लागू शकणारी सूत्रे कोणती, एवढे तिने कागदावर मांडावे आणि पाचेक मिनिटे झटापट करावी. त्यानंतर उत्तर पाहिले तर चालेल, पण पाहून झाल्यावर ते झाकून पूर्ण उदाहरण पहिल्या ओळीपासून लिहायचे. तेच उदाहरण तीन दिवसांनी आणि मग पुढच्या आठवड्यात पुन्हा संचात घाला.

याबरोबर चुकांची वेगळी वही ठेवा. प्रत्येक चुकलेल्या उदाहरणापुढे नेमकी कोणती ओळ चुकली आणि का, हे एका वाक्यात लिहायचे. चूक वाचण्यातली, सूत्रातली, चिन्हाची किंवा आकडेमोडीची, की मांडणीतली, हेही लिहायचे. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द त्या वहीत येऊ देऊ नका. त्या नावाखाली चूक एकदा झाकली गेली की ती दुरुस्त होत नाही. महिनाभरात बहुतेक मुलांच्या वहीत तीन-चारच चुका पुन्हापुन्हा आलेल्या दिसतात, आणि पुढचा सराव कशाचा करायचा हे तिथूनच ठरते.

प्रश्न : माझी रीत बरोबर असते पण चिन्हे चुकतात. ‘लक्ष दे’ असे सगळे सांगतात. नक्की कुठे लक्ष देऊ? (दहावीतला विद्यार्थी, नांदेड)

तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. चिन्हे ठरावीक जागीच चुकतात, त्या जागा माहीत करून घे.

निश्चयकापासून, म्हणजे चार संख्यांच्या दोन तिरप्या गुणाकारांच्या वजाबाकीपासून, सुरुवात करू. ५क्ष − ३य = १९ आणि २क्ष + ४य = −८ ही समीकरणे घे. पहिला निश्चयक (५ × ४) − (−३ × २) = २० + ६ = २६. इथे निश्चयकाच्या सूत्रातला वजा आणि −३ मधला वजा असे दोन वजा एकत्र येतात. घाईत एक गळतो आणि २० − ६ = १४ लिहिले जाते. क्ष साठीचा निश्चयक (१९ × ४) − (−३ × −८) = ७६ − २४ = ५२. इथे आतला गुणाकार धन आहे, म्हणून बाहेरचा वजा तसाच राहतो. य साठीचा निश्चयक (५ × −८) − (१९ × २) = −४० − ३८ = −७८. म्हणून क्ष = २, य = −३. यावर एक साधा उपाय आहे : प्रत्येक गुणाकार कंसात लिही, ऋण संख्या तिच्या चिन्हासकट लिही, आणि कंस सोडवणे ही वेगळी ओळ ठेव. एक ओळ वाचवायला गेलास तर चार गुणांचे उदाहरण धोक्यात येते. पहिला निश्चयक १४ आला असता तर क्ष = ५२/१४ निघाला असता. अपूर्णांक उत्तर चूकच असते असे नाही, पण विचित्र अपूर्णांक दिसला की मागे जाऊन कंस तपासायचे.

आता ताळा. किमती दोन्ही मूळ समीकरणांत घाल : १० + ९ = १९ आणि ४ − १२ = −८. एकाच समीकरणात घालून थांबू नकोस. चुकीची जोडीही एखाद्या समीकरणात बसून जाते.

दुसरी जागा वर्गसमीकरणाच्या सूत्राची. २क्ष² − ५क्ष − ३ = ० मध्ये विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी राशी) २५ − ४ × २ × (−३) = २५ + २४ = ४९ आहे. मुळे (५ + ७)/४ = ३ आणि (५ − ७)/४ = −१/२. चिन्ह गळून विवेचक २५ − २४ = १ झाला तर मुळे ३/२ आणि १ येतात. ती दिसायला छान असल्यामुळे शंकाही येत नाही. मुळांची बेरीज ५/२ हवी, आणि ही चुकीची मुळेसुद्धा ५/२ च बेरीज देतात! कारण विवेचक काहीही असला तरी बेरीज करताना वर्गमूळ कटून जाते. म्हणून ताळा गुणाकाराचा घे. तो −३/२ हवा. ३ × (−१/२) = −३/२ जुळते, चुकीच्या मुळांचा गुणाकार +३/२ येतो आणि चूक लगेच सापडते.

प्रश्न : शाब्दिक उदाहरण वाचले की मुलगा थेट आकडे सूत्रात घालतो. समीकरण मांडायची सवय कशी लावावी? (एक पालक, ठाणे)

काही दिवस त्याला उदाहरणे सोडवायला लावूच नका, फक्त मांडायला लावा. एका बैठकीत आठ शाब्दिक उदाहरणे, प्रत्येकाच्या तीनच ओळी : काय मानले, कोणती अट, कोणते समीकरण. उत्तर काढायचे नाही. आकडेमोडीचा भार नसला की वाचण्यात कुठे गडबड होते ते स्पष्ट दिसते.

उदाहरणार्थ, पहिल्या महिन्यात २०० रुपये आणि पुढे दर महिन्याला आधीपेक्षा ४० रुपये जास्त बचत केली, तर एकूण बचत ४४०० रुपये किती महिन्यांत होईल? इथे ‘एकूण’ हा शब्द सुटला की मूल ४४०० ही रक्कम शेवटच्या महिन्याची समजते आणि पदाचे सूत्र वापरते. विचारली आहे ती बेरीज. महिने क्ष मानले तर (क्ष/२) × [४०० + (क्ष − १) × ४०] = ४४००, म्हणजे क्ष² + ९क्ष − २२० = ०. त्यातून (क्ष + २०)(क्ष − ११) = ०, क्ष = −२० किंवा ११. ‘महिन्यांची संख्या ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष = ११’ हे वाक्य लिहायलाच हवे, नुसते −२० खोडून भागत नाही. ताळा तोंडी होतो : अकराव्या महिन्यात ६०० रुपये, पहिल्या व शेवटच्या महिन्याची सरासरी ४००, आणि ४०० × ११ = ४४००.

अर्थनियोजनात अशीच वाचण्याची चूक होते. वस्तूची १८% वस्तू व सेवा करासह किंमत ११८० रुपये असेल तर कर ११८० च्या १८% नसतो. करपात्र किंमत १००० रुपये, केंद्राचा कर ९० आणि राज्याचा ९०.

प्रश्न : सांख्यिकीत सूत्र पाठ आहे, तरी मध्यक चुकतो. (दहावीतली विद्यार्थिनी, कोल्हापूर)

बहुधा वर्ग सलग न करता सूत्र वापरले जात असावे. १०–१९, २०–२९, ३०–३९, ४०–४९, ५०–५९ या वर्गांच्या वारंवारता ५, ८, १२, ९, ६ घे. एकूण ४०, निम्मे २०. संचित वारंवारता (त्या वर्गापर्यंतची एकूण) ५, १३, २५... म्हणून मध्यक वर्ग तिसरा. तो सलग केल्यावर २९.५–३९.५ होतो, वर्गांतर १०. मध्यक = २९.५ + (२० − १३)/१२ × १० = ३५.३३. वर्ग सलग न करता खालची मर्यादा ३० आणि वर्गांतर ९ घेतले तर ३५.२५ येते. उत्तर इतके जवळचे की चूक जाणवतच नाही, गुण मात्र जातात. संचित वारंवारता आधीच्या वर्गाची घ्यायची असते. त्याऐवजी मध्यक वर्गाचीच २५ घेतलीस तर उत्तर २५.३३ येते, म्हणजे वर्गाच्या बाहेर. मध्यक मध्यक वर्गातच आला का, हे दर वेळी पाहा.

प्रश्न : भौमितिक रचना बरोबर करूनही गुण कमी मिळतात. (दहावीतला विद्यार्थी, रत्नागिरी)

त्रिज्या ४.५ सेमीचे वर्तुळ आणि केंद्रापासून ७.५ सेमी अंतरावरच्या बिंदूतून स्पर्शिका, ही रचना घे. केंद्र आणि तो बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढायचा, मध्यबिंदूवर कंपासचे टोक ठेवून केंद्रातून जाणारे वर्तुळ किंवा कंस काढायचा. तो मूळ वर्तुळाला जिथे छेदतो ते स्पर्शबिंदू, कारण अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो.

बिघडते ते असे. मध्यबिंदू पट्टीने मोजून घेतला जातो. ३.७५ सेमी पट्टीवर नीट वाचता येत नाही, आणि लंबदुभाजकाचे कंस न दिसल्यामुळे रचनाच झालेली नाही असे ठरते. दुसरे, दुभाजकासाठी कंपासमधले अंतर निम्म्याहून जेमतेम जास्त, ४ सेमी वगैरे घेतले जाते. मग छेदनबिंदू एकमेकांच्या जवळ पडतात आणि त्यांतून काढलेली रेषा थोडीशी चुकली तरी कलते. ६ सेमी घे, बिंदू लांब जातील. कंपासचा स्क्रू घट्ट कर, पेन्सिलला बारीक टोक ठेव, आणि एकही कंस पुसू नकोस. शेवटी स्पर्शिकाखंड मोज : ७.५² − ४.५² = ५६.२५ − २०.२५ = ३६, म्हणजे लांबी ६ सेमी यायला हवी. १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर वेळ असल्यास पुन्हा काढ.

प्रश्न : प्रमेये पाठ करावीत का? (एक पालक, नागपूर)

विधान शब्दशः पाठ हवे, सिद्धता नाही. सिद्धतेसाठी आकृती, पक्ष (दिलेले), साध्य (सिद्ध करायचे) आणि गरज असल्यास रचना एवढे न पाहता लिहिता आले, की पुढच्या पायऱ्या कारणांवरून उभ्या राहतात. प्रत्येक पायरीसमोर कारण लिहायचे. त्रिकोण समरूप असल्याचे लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम चुकला तर पुढची सगळी संगत बाजूंची गुणोत्तरे चुकतात, म्हणून आधी समान कोनांवर सारख्या खुणा कराव्यात. प्रमेय आणि त्याचा व्यत्यास (उलट विधान) यांत मुलांचा फार गोंधळ होतो. काटकोन दिलेला असेल तर पायथागोरसचे प्रमेय, काटकोन सिद्ध करायचा असेल तर व्यत्यास.

प्रश्न : पेपर वेळेत पुरा होत नाही. दोन तास कसे वाटायचे? (दहावीतली विद्यार्थिनी, पनवेल)

४० गुणांना १२० मिनिटे, म्हणजे गुणाला ३ मिनिटे. सध्याच्या आराखड्यात प्रश्न १ ला ८, प्रश्न २ ला १२, प्रश्न ३ ला ९, प्रश्न ४ ला ८ आणि प्रश्न ५ ला ३ गुण आहेत. त्यांना अनुक्रमे १२, ३२, २८, २६ आणि १० मिनिटे दिलीस तर १२ मिनिटे ताळ्यासाठी उरतात. प्रश्न ५ मधले उदाहरण बहुधा अनोळखी असते. ते शेवटी घे आणि तीन गुणांसाठी वीस मिनिटे अडकून पडू नकोस.

पर्यायांसह प्रश्नपत्रिकेत ६० गुणांचे प्रश्न छापलेले असतात. सराव प्रश्नपत्रिकेत ठरलेल्या वेळेत ४० गुणांचे सोडव, आणि सोडून दिलेले २० गुणांचे प्रश्न दुसऱ्या दिवशी सोडव. आपण कोणते प्रश्न टाळतो ते त्यातून कळते. कृतींना (चौकटी भरून पूर्ण करायची उदाहरणे) प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ७ गुण आहेत. चौकटींतली नुसती उत्तरे न लिहिता कृती पूर्ण उतरवून लिही. कच्चे काम उजवीकडे समास आखून त्याच पानावर कर. वेगळ्या कागदावरून आकडा उतरवताना ६ चा ९ होतो.

प्रश्न : त्रिकोणमितीत उन्नत कोन जमतो, अवनत कोनाची आकृती चुकते. (दहावीतला विद्यार्थी, जळगाव)

अवनत कोन पाहणाऱ्याच्या डोळ्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेपासून खाली मोजतात, मनोऱ्याच्या उभ्या रेषेपासून नाही. म्हणून आकृतीत आधी वरची आडवी रेषा काढ, कोन तिथे दाखव, आणि व्युत्क्रम कोन म्हणून खाली जहाजापाशी तेच माप लिही. ९० मी उंच दीपस्तंभावरून जहाज ६०° च्या अवनत कोनात दिसत असेल, तर अंतर ९०/√३ = ३०√३, म्हणजे √३ = १.७३ घेतल्यास ५१.९ मी. कोन उभ्या रेषेपाशी काढला तर ९०√३, म्हणजे १५५.७ मी येते. कोन ४५° पेक्षा मोठा असेल तर अंतर उंचीपेक्षा कमीच यायला हवे, एवढे पाहिले तरी ही चूक पकडता येते.